एर्सिलियाचा आवाज

एर्सिलिया गालेट्टो मूळची बेर्तोल्लाची. त्या गावातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या तोरिनो शहराचे कपडे धुवायच्या. तिची आईही परटीणच. आमच्या मूकपटांच्या कंपनीत धुतलेले कपडे पोचवायला एर्सिलिया यायची. मी, ओत्ताविया, तिथे कपडेपटात शिवण करायचे.

एकदा नायिकेने नदीत उडी मारायची होती. नोव्हेंबरचं पाणी बघून नायिका रुसून बसली. मालक सिन्योर बोलाती हातवारे करकरून थकले. एर्सिलियाने डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं.

"मी मारते. गार पाण्याचं काय एवढं कौतुक? आमचा जन्म त्यातच गेलाय."

पाण्याबाहेर आली तेव्हा ओठ निळे पडले होते, पण नजर कॅमेऱ्यावरून हलली नव्हती. त्या नजरेवर मालक भाळले. पुढे काही वर्षांतच शहराच्या भिंतींवर तिची चित्रं झळकायला लागली.

पडद्यावर ती सारखी मरायची. मरणाचे झगे मी शिवायचे.

"आज कशाने गं?" टाचण्या लावताना मी विचारायचे.

"विरहाने. म्हणजे दिवस गेला. विष बरं बाई, जेवणाआधी आटपतं."

हिवाळ्यात स्टुडिओच्या काचेच्या छपरातून उजेड पुरेनासा झाला, की मोठाले दिवे पेटवायचे. "पापणी हलवायची नाही!" असं दिग्दर्शक ओरडायचा आणि ही त्या आगीकडे एकटक बघायची. संध्याकाळी डोळे सुजून लाल व्हायचे. मी त्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवायचे. सकाळी परत तेच.

पहिलं महायुद्ध संपलं आणि तोरिनोतल्या कंपन्या एकामागून एक बुडाल्या. उरलंसुरलं काम रोमला गेलं. एर्सिलिया एका फिरत्या नाटक मंडळीत शिरली. वेर्चेल्ली गावातल्या प्रयोगात राणी होऊन ती बोलायला लागली, तोच तिचे गावाकडचे हेल ऐकून वरच्या सज्जातून कुणीतरी ओरडलं, "राणीसाहेब, कपडे वाळले का?" नाट्यगृह हसून हसून लोळलं. तिने अंक पुरा केला आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दारात येऊन उभी राहिली.

दोरा नदीकाठी आम्ही दोघींनी इस्त्रीचं दुकान थाटलं. तिची नजर मंदावत गेली. शेवटी उजेड-अंधार तेवढा कळायचा. कपड्याची सुरकुती बोटांनी चाचपून ती इस्त्री फिरवायची.

मग बोलपट आले. रोमहून सिनेमा कंपनीचा एक माणूस तिला शोधत आला. म्हाताऱ्या आईचं काम होतं. मला वाटलं, ती त्याला वाटेला लावेल. पण ती म्हणाली, "जाते. एकदा बोलून बघते."

मी वाचून दाखवायचे आणि इस्त्री करता करता तिने संवाद घोकले. शेजारच्या मास्तरीणबाईंकडून उच्चार घोटून घेतले. रोमहून परतली ती पार गळून, पण खुशीत. "नीट बोलले गं. कुणी हसलं नाही."

सिनेमा लागला तेव्हा दुपारच्या खेळाला आम्ही गेलो. पडद्यावर एर्सिलियाने तोंड उघडलं आणि गोड, सुबक, शहरी आवाज बाहेर पडला.

"ही कोण बोलतेय?" तिने माझा हात धरला.

मी पडद्यावरचे ओठ निरखून बघितले.

"ओत्ताविया, कोण आहे ही?"

"तोंड तुझंच आहे. आवाज दुसऱ्या बाईचा घातलाय."

"आजीबाई, ऐकू द्या की!" मागून कुणीतरी खेकसलं.

तिला तर नुसतं ऐकूच येत होतं, आणि त्यात तिचं काही नव्हतं. माझ्या कानाशी वाकून तिने हळूच विचारलं, "मी दिसते कशी?"

"थकलेली."

"मग तेवढं तरी खरं आहे."

मध्यंतरात आम्ही उठलो. घरी येऊन तिने मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळायला घेतला. मी ढवळते म्हटलं तर पळी देईना. रोमहून पुन्हा बोलावणं आलं, तेव्हा निरोप्याला दारातूनच म्हणाली, "बाबा, ज्या बाईचा आवाज घेतलात ना, तिलाच न्या. तिचे पाय तरुण असतील."

त्यानंतर ती चार-पाच हिवाळे जगली. दुकानात गिऱ्हाइकांशी बेर्तोल्लाच्या हेलात तोंडभर बोलायची, भांडायचीसुद्धा. शेवटी छातीत कफ भरला आणि आठवड्याभरात गेली.

मी थोडे दिवस दुकान एकटीने ओढलं. पण ती लोखंडी इस्त्री फार जड. माझ्याच्याने उचलवेना, म्हणून बंद केलं.