दाजी आणि निळा ठिपका

आमच्या दाजींइतका लेकीवर जीव टाकणारा बाप अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतका माझ्या डोक्यात जाणारा माणूसही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. माढ्याला त्यांचा ऊस आहे. विहिरीवरची मोटार ओसरीत बसून मोबाइलवरून चालू-बंद करता येऊ लागली, तेव्हापासून जगातली यच्चयावत गोष्ट फोनवरून हाकता येते अशी त्यांची ठाम समजूत झाली. एकुलती लेक शिकायला सोलापूरला, म्हणजे माझ्या गावात आली, हॉस्टेलवर राहू लागली, तशी यांनी तिच्या मोबाइलमध्ये पाळत ठेवणारं अ‍ॅप टाकून घेतलं. "मोटार घरनं बघतो, मग पोरगी का न्हाय?" असं वर मलाच विचारलं.

तेव्हापासून दाजी ऊस सोडून नकाशावरचा एक निळा ठिपका राखू लागले. एकदा माझी भाकरी तव्यावर असताना दाजींचा फोन. लेकीच्या नात्यानं ते मलाही मावशीच म्हणतात. "मावशी, पोरगी सात रस्त्याच्या चौकात थांबलीया. हलंना झालीया. जरा बघून ये की!" मी गॅस बंद केला आणि पिठाच्या हातानं रिक्षा पकडली. पोरगी मैत्रिणींबरोबर भेळ खात उभी होती. मला बघून तिचं तोंड एवढंसं झालं. दाजींना सांगितलं, तर म्हणे, "कुणाकुणासंगं?" मी फोन आपटला.

एवढ्यावर भागतं तरी मी गिळलं असतं. पण दाजी तिचे मेसेजही वाचायचे, तेही मोठ्यानं, चहाला आलेल्या पाहुण्यांसमोर! कुण्या मैत्रिणीनं तास बुडवून सिनेमाला गेल्याचं हिला लिहिलं, तर यांनी त्या मुलीच्या वडिलांचा नंबर हुडकून त्यांना कळवलं. झालं! मुलींनी हिला काही पाठवणंच बंद केलं. पुढं तर हिच्याशेजारी बसेनातही. मी दाजींवर ओरडले, "दुसऱ्यांच्या पोरींचं वाचताय, लाज वाटत न्हाय का तुमाला?" त्यावर हा माणूस शांतपणे म्हणतो, "लई काळजी वाटती गं." आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

दिवाळीच्या आधी ठिपका हॉस्टेलवरून हलेनासा झाला. दाजींनी खुशीत फोन केला. "परीक्षा आली न्हवं, पोरगी खोलीच सोडंना! लई अभ्यास चाललाय." ना कुणाचा मेसेज, ना फोन. दाजी धन्य झाले होते. मला मात्र चैन पडेना. डबा घेऊन गेले, तर पोर तापानं फणफणलेली, ओठ सुकलेले, उठायचं त्राण नाही. खोलीतली दुसरी मुलगी गावी गेलेली आणि बाकीच्यांपैकी कुणी डोकावलंही नव्हतं. दवाखान्यात डेंग्यू निघाला. आणखी उशीर झाला असता तर जड गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

दाजी माढ्याहून धावत आले. त्यांना मी जिन्यातच गाठलं आणि तोंडाला येईल ते बोलले. बहिणीचा नवरा म्हणून काही राखलं नाही. "तुमच्यामुळं पोर एकटी पडली, दाजी!" दाजींनी वर येऊन दाराशी चपला काढल्या. मग आत जाऊन पलंगाशी बसले. तिच्या हाताला सलाइन होतं, म्हणून नुसता पावलावर हात ठेवला.

"मला एक फोन का न्हाय केलास गं, बाळा?"

पोरीनं डोळे उघडले. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता.

"मला वाटलं, तुमाला दिसत असंल की, पप्पा."

दाजी उठून बाहेर गेले आणि भिंतीकडं तोंड करून रडले. मला तेव्हा त्यांच्याजवळ जावंसं वाटलं, पण रागानं पाय उचलला नाही.

पोरगी बरी झाली. अ‍ॅप दाजींनी काढून टाकलं. आता संध्याकाळी ते तिला फोन करतात, "जेवलीस का?" विचारतात, ती "हो" म्हणते आणि गाडी तिथंच अडते. मग मला फोन येतो. "मावशी, म्होरं काय बोलायचं असतं गं?" अजून चिडलेलीच आहे मी, तरी सांगते, "काय बोलू नका. थोडं थांबा. ती बोलंल."

दाजी थांबतात. पोरीनं आपणहून फोन अजून केलेला नाही. बहीण म्हणते, हल्ली ते जेवतानाही मोबाइल ताटाशेजारी ठेवतात. वाजला की उष्ट्या हातानं उचलतात, नाव बघतात आणि परत तिथंच ठेवतात.