नळीला घातलेला हार

गॅसच्या भट्टीची नवी नळी मी झेंडूच्या माळेने झाकली. झाकायची होती पत्र्याने. आजही करपलेल्या झेंडूचा वास आला की वैशाखऱ्याच्या रस्त्यावरची माझी ती लोहारकामाची शेड आठवते. जुनी नळी चिरली होती, म्हणून मुरबाडहून नवी आणली, दोन्ही टोकांच्या क्लिपा आवळल्या, साबणाचं पाणी लावून गळती पाहिली. तापलेलं लोखंड पडलं तरी नळी वाचावी म्हणून पत्राही कापून ठेवला. पण मधेच खंडेनवमी आली. हत्यारांबरोबर मी नळीचीही पूजा केली, आणि इतकी नटलेली नळी पत्र्याखाली दडवायला मन होईना. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच शेजारच्या पाड्यावरची मावशी धार लावायला विळे घेऊन आली. तिचं भात पिकून आडवं व्हायला आलं होतं आणि आभाळ काळवंडलेलं. तिचा पहिलाच लालबुंद विळा माझ्या चिमट्यातून निसटला तो थेट माळेवर. फुलं करपली, नळीला भोक पडलं, त्यातून जाळ फुसफुसू लागला आणि मी नुसता चिमटा धरून उभा. भिंतीबाहेरचा सिलिंडर शेवटी मावशीनेच बंद केला. मुरबाडला फोन लावला, तर दुकान सणामुळे बंद, शहापुरातही तेच. छपराच्या पत्र्यांवर थेंब वाजायला लागले. मावशीने कोपऱ्यातला तो कापलेला पत्रा पाहिला, बोथट विळे फडक्यात बांधले आणि म्हणाली, “नळीला हार घालाया तुला टाइम होता, पत्रा घालाया नाय. आता फुलं उरली असतील तं माझ्या भातावर घाल रे.”