वडलांशेजारची जागा

पंचवटीत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये येवल्याकडच्या एक मावशी राहतात. हौसेनं गोधड्या शिवतात, पण फक्त गेलेल्या माणसांच्या कपड्यांच्या. प्रत्येक कपडा आधी नाकाशी धरतात आणि ओळख पटल्यासारखी मान हलवतात.

वडील गेले तेव्हा मीही त्यांचे शर्ट नेऊन दिले. गोधडी तयार झाली, तर मधोमध माझा निळा चौकड्यांचा शर्ट. चुकून गठ्ठ्यात गेला असणार.

"मावशी, हा माझा आहे. काढाल का?"

"घातलेला टाका मी उसवत नाय, भाऊ." त्यांनी दातांनी दोरा तोडला. "वास घेतला तव्हाच कळलं, ह्याचं माणूस अजून हाय."

"मग शिवलात कशाला?"

मावशींनी त्या निळ्या तुकड्यावरून हळूच हात फिरवला.

"तुमच्या वडलांशेजारी जागा व्हती."