दामोदररावांची खंडित विहीर

चामराजपुरम स्टेशनच्या मागच्या गल्लीत 'दामोदरराव कुठे राहतात' असं नुसतं विचारलंत, तर लोक तुमच्या तोंडाकडे बघत राहतील. 'नीरु दामोदरराव' म्हणा, कोणीही दारापर्यंत आणून सोडील. नीरु म्हणजे पाणी. पस्तीस वर्षं या गृहस्थांनी म्हैसूरच्या पाणीखात्यात वॉल्व्हमनची नोकरी केली. पहाटे सायकलच्या दांडीला लांब लोखंडी चावी बांधून निघायचं, रस्त्यातली झाकणं उघडायची, चावीचं एक टोक वॉल्व्हवर टेकवून दुसरं कानाला लावायचं आणि आत पाणी नीट धावतंय ना, ते ऐकूनच पुढे सरकायचं. बायको काय म्हणते ते मात्र त्याच कानाला कधी ऐकू आलं नाही, असं इंदिराबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

घराणं जुन्या म्हैसूरच्या फौजेतलं. पूर्वज घोड्यावर बसून आले ते इथलेच झाले. घोडं गेलं, तलवार गेली, मराठी तेवढी आम्ही सोडली नाही, हे दामोदररावांचं आवडतं वाक्य. आता ही मराठी कशी, तर निम्मीअधिक कन्नड. विहिरीला बावी म्हणायचं, दोन वाक्यांच्या मध्ये 'मत्ते', म्हणजे 'आणि मग', घालायचं आणि राग आला की पुढचं सगळं कन्नडात. पण ऐट अशी, की एकदा पुण्याहून आलेल्या पाहुण्याला त्यांनी त्याचंच मराठी सुधारून दिलं होतं. पाहुणा सज्जन होता, त्याने ऐकून घेतलं.

घरामागे दगडी विहीर होती. गावाच्या नळांना पाणी सोडणारा हा माणूस स्वतः नळाचं पाणी प्यायला नाही. बावीच्या पाण्यात तुरीची डाळ लोण्यासारखी शिजते, तशी नळाच्या पाण्यात शिजत नाही, म्हणे. एका उन्हाळ्यात नळ नऊ दिवस कोरडे पडले, तेव्हा सगळी गल्ली या विहिरीवर जगली होती. निवृत्तीच्या दिवशी खात्याची चावी परत करावी लागली. घरी आल्यावर ते न जेवता विहिरीच्या कठड्यावर बसून राहिले. आयुष्यभर पाणी सांभाळलेल्या माणसाला सांभाळायला आता तेवढंच पाणी उरलं होतं, आणि त्याच्यावर त्यांचा पोटच्या पोरासारखा जीव होता.

अशात सरकारने नवा पाणी कायदा आणायचं ठरवलं. विधेयक विधानसभेत जायचं होतं, पण मसुदा आधीच गावोगाव आला. शहराच्या पाणीखात्याकडे नळांबरोबर जमिनीखालचं पाणीही सोपवायचं. घरोघरच्या विहिरी तपासायच्या. पाणी स्वच्छ आणि बारमाही असेल ती विहीर राखून ठेवायची. बाकीच्या बुजवायच्या, म्हणजे त्यांतून घाण झिरपून जमिनीतलं पाणी नासायला नको. दामोदररावांनी मसुदा कन्नड पेपरात दोनदा वाचला आणि कायदा चांगला आहे असा निकाल दिला. आपल्या बावीला कसली भीती?

कायदा मंजूर झाला आणि मार्गशीर्षात पाहणी आली. मुख्य अधिकारी म्हणून एक तरुण बाई होत्या, साताऱ्याकडच्या, म्हैसूरला येऊन चार महिने झालेल्या. वाट दाखवायला खात्याचा इंजिनियर नरसिंहमूर्ती. हा दामोदररावांच्या हाताखाली तयार झालेला. चावी कानाला कशी लावायची हे त्याला त्यांनीच शिकवलं होतं. बाई मराठी आहेत हे कळल्यावर दामोदररावांना स्वर्ग दोन बोटं उरला. नरसिंहमूर्ती कन्नडात काही सांगायला गेला, त्याला त्यांनी हातानेच गप्प केलं.

बाईंनी पाण्याचा नमुना बाटलीत भरून घेतला, वही उघडली आणि विचारलं, "उन्हाळ्यात पाणी असतं का, काका?"

"उन्हाळ्यात?" दामोदरराव छाती काढून म्हणाले. "खंडित, बाई. माझ्या आज्ज्याच्या कालापासून खंडित."

बाईंनी खात्री करायला नरसिंहमूर्तीकडे पाहिलं. त्याला मराठीचा गंध नव्हता, पण हा एक शब्द त्याला चांगलाच कळला होता. त्याने जोरात मान हलवली. "खंडित, मॅडम." बाईंनी तसं लिहून घेतलं.

इथे एक सांगायला हवं. आपल्या मराठीत खंडित म्हणजे तुटलेलं, मध्येच बंद पडलेलं. कन्नडात मात्र खंडित म्हणजे नक्की, हमखास. म्हैसूरच्या मराठी घरांत हा कन्नड अर्थ कधी माजघरापर्यंत येऊन बसला, कोणाला कळलंही नाही. दामोदररावांनी विहिरीची शपथ घ्यावी तशी ग्वाही दिली होती, आणि बाईंनी नेमकं उलटं टिपलं होतं.

महिन्याभराने कचेरीबाहेर कन्नडात यादी लागली. दामोदररावांच्या विहिरीपुढे लिहिलं होतं: पाणी स्वच्छ, उन्हाळ्यात आटते, बुजवावी. हरकत असेल त्याने आठ दिवसांनी सुनावणीला यावं.

दामोदररावांनी ती ओळ तीनदा वाचली आणि सरळ ठरवून टाकलं, की हे काम नरसिंहमूर्तीचं. साताऱ्याच्या बाईंना काय माहीत? हा तर या बावीचं पाणी पिऊन मोठा झाला, आणि आता बावीवरच उलटला. नरसिंहमूर्ती त्याच संध्याकाळी धावत आला, हे कसं झालं मलाही कळत नाही म्हणून सांगायला. दामोदररावांनी दार उघडलं नाही. तो बराच वेळ फाटकाशी उभा राहिला आणि निघून गेला. एकदा विचारून तरी बघा त्याला, असं इंदिराबाई दोन दिवस सांगत होत्या. पण राग आला की कान बंद, हा दामोदररावांचा जुना रोग. आठ दिवस ते तासन् तास विहिरीत वाकून बघत बसत, आणि इंदिराबाईंना भलतीच काळजी लागे.

सुनावणीला कचेरीचा हॉल भरला होता. टेबलामागे बाई, शेजारी कागद घेऊन नरसिंहमूर्ती. दामोदररावांची पाळी आली. नरसिंहमूर्तीकडे पाठ करता येत नव्हती, म्हणून त्यांनी मान वळवून घेतली आणि मराठीत विचारलं, की आमची बावी आटते असं तुम्हाला सांगितलं कोणी?

"तुम्हीच सांगितलंत, काका." बाईंनी वही त्यांच्यापुढे सरकवली. "बघा."

दामोदररावांनी चष्मा लावला. पानावर बोट ठेवलं, ते सावकाश फिरवलं, पुन्हा पहिल्या जागी आणलं. त्यांची सगळी शाळा कन्नडात झाली होती. शुद्ध मराठीचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या माणसाला मराठीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं, आणि हे इंदिराबाईंखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं. बाईंच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी वही हळूच परत घेतली आणि स्वतःच वाचलं, "उन्हाळ्यात पाणी खंडित. आजोबांच्या काळापासून खंडित."

"बरोबर लिहिलंय की," दामोदरराव म्हणाले. "मग बुजवता कशाला?"

"खंडित आहे म्हणूनच ना."

"खंडित पाणी असलेली बावी बुजवतात? हा कुठला कायदा, बाई?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "काका, खंडित म्हणजे काय?"

"खंडित म्हणजे खंडित. चुकायचंच नाही ते."

बाईंनी तोंडावर हात ठेवला. मग शांतपणे, कोणाला हसू न येईल अशा बेताने, त्यांनी तिकडचा अर्थ सांगितला. नळ कोरडे पडणार असले की आमच्याकडे फळ्यावर हाच शब्द लिहितात, म्हणाल्या. दामोदरराव ऐकत राहिले. दोनशे वर्षांची मराठी एका शब्दावर पाय घसरून पडली होती, आणि पडता पडता विहिरीत जाणार होती. पण त्या क्षणी त्यांना ना मराठी आठवली ना विहीर. फाटकाशी उभा राहिलेला नरसिंहमूर्ती आठवला आणि शरमेने मान खाली गेली.

बाई म्हणाल्या, की तुमचं म्हणणं तुमच्या शब्दांत लिहून द्या, मी ते वहीतल्या नोंदीला जोडते आणि यादी दुरुस्त करते.

"मला मराठी लिहिता येत नाही," दामोदरराव हळू आवाजात म्हणाले.

"मग कन्नड अक्षरांत लिहा. बोली तुमचीच राहू दे."

त्यांनी लिहिलं. वेळ लागला, हॉलमधले लोक चुळबुळले. बाईंना कन्नड अक्षरं अजून धड लागत नव्हती, म्हणून त्यांनी कागद शेजारी दिला आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. अक्षरं येणाऱ्याला भाषा येत नव्हती आणि भाषा येणारीला अक्षरं. नरसिंहमूर्ती सरकारी नोटीस वाचावी तशा सुरात वाचू लागला.

"बावीचं पाणी कधी सरलं नाही. शब्द माझा चुकला, बावी चुकली नाही. नरसिंहमूर्ती खरा माणूस." इथे तो अडखळला. स्वतःचं नाव तेवढं त्याला कळलं. त्याने वर पाहिलं, पण दामोदरराव टेबलाकडे बघत होते. तो पुढे वाचू लागला. "मी त्याला दारातून परत पाठवलं. तो मला मुलाच्या जागी. मला फार वाईट वाटतं."

बाईंनी मान खाली घातली होती. नरसिंहमूर्तीने कन्नडात विचारलं, माझ्याबद्दल काय लिहिलंय? बाईंनी दामोदररावांकडे पाहिलं. ते कसेबसे उठून उभे राहिले.

"तप्पु नंदु, मूर्ती," ते म्हणाले. चूक माझी.

बाईंनी नरसिंहमूर्तीला यादीतली ती ओळ दुरुस्त करायची खूण केली. त्याने यादी ओढली, त्या ओळीवर रेघ मारली, वर कन्नडात 'बारमाही' असं लिहून बाईंची सही घेतली. मग टेबलाला वळसा घालून आला आणि भरल्या हॉलमध्ये दामोदररावांच्या पाया पडला. त्याला उठवायला दामोदरराव वाकले, पण वाकले ते वाकलेलेच राहिले. शेवटी त्यानेच त्यांना दोन्ही हातांनी धरून खुर्चीवर बसवलं.