पायरीवरची रेंज

गल्लीत कुणी शेंगा भाजल्या की मला आमच्या पायरीवरच्या जुन्या संध्याकाळी आठवतात. तेव्हा वायफायचा डबा लोखंडी कपाटामागं होता आणि रेंज फक्त दारातल्या पायरीवर यायची. संध्याकाळी माझ्या परदेशातल्या लेकीचा फोन आला की शेजारीण भाजलेल्या शेंगा सुपात घेऊन यायची आणि मोबाइलमध्ये डोकावून विचारायची, “कवा येतीस गं?” एकदा केबलवाल्यानं डबा मधल्या खोलीत उंचावर बसवला. म्हणाला, “मावशी, आता सैपाकघरातबी फुल्ल रेंज हाय की!” त्या संध्याकाळी मी आत चहा ढवळत लेकीशी बोलले, बाहेर आले, तर शेजारीण येऊन गेलेली, पायरीवर नुसती टरफलं पडली होती. आता शेजारणीच्या दाराला कुलूप आहे. घरभर रेंज असते, तरी लेकीचा फोन आला की मी पायरीवरच जाऊन बसते.