बाबा पीत नव्हते

माझे बाबा यकृत निकामी होऊन गेले. विक्रोळीच्या कारखान्यात सगळी नोकरी झाली, दारूला कधी हात लावला नाही. तरी जलदानविधीच्या दिवशी मोठे काका भरल्या घरात म्हणाले, "लपूनछपून घेत असणार. लिव्हर उगाच जातं का?" आई गप्प राहिली. मी कॉलेजात होते, मीही गप्प राहिले. त्याची लाज मला अजून वाटते.

गेल्या वर्षी माझ्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं. मी अंगानं काटकुळी, डायबेटिस मात्र सहा वर्षांपासून. तपासणाऱ्यानं विचारलं, "मॅडम, ड्रिंक करता?"

"नाही."

"कधीतरी?"

"कधीच नाही म्हटलं ना!"

मुलुंडच्या माझ्या डॉक्टरीणबाईंनी मात्र घरच्यांबद्दल विचारलं. आजी, आत्या, बाबा, सगळ्यांना शुगर. त्या म्हणाल्या, "काही घरांत यकृतात चरबी साठण्याचा कल जन्मापासूनच असतो. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. बारीक माणसालाही होतं."

"आणि न पिणाऱ्याचं यकृत त्यानं जाऊ शकतं?"

"जाऊ शकतं. तुमच्या वडिलांचं तेच झालं असं आता खात्रीनं नाही सांगता येणार. पण शक्य आहे."

मला तेवढं पुरे होतं. रविवारी आईला घेऊन घाटकोपरला काकांकडे गेले. चहा यायच्या आधीच मी म्हणाले, "काका, बाबा पीत नव्हते."

"आता जुनं कशाला उकरतेस?"

"तुम्ही चारचौघांत बोललात, म्हणून." डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं मी त्यांना ऐकवलं. काकांनी माफी मागितली नाही. आईच पहिल्यांदा बोलली, "मी पंचवीस वर्षं त्यांच्यासोबत राहिले. मला कुणी विचारलंच नाही."

धाकटा भाऊ घरी वाटच बघत होता. सगळं ऐकून म्हणाला, "रक्तातच आहे, तर सोड ना ताई. काय फरक पडणार?"

"पडतो. चालणं, खाणं, वजन, गोळ्या, सगळ्यानं पडतो. मी विचारून आलेय. उद्या तुझी पण सोनोग्राफी."

त्याचंही यकृत तसंच निघालं. तेव्हापासून रोज संध्याकाळी आम्ही दोघं तासभर चालतो. तो वाटभर मला शिव्या घालतो. माझी शुगर उतरलीय, यकृतावरची चरबीही कमी झालीय. त्याची अजून तशीच आहे. मी त्याला सोडणार नाही.