गुरुजींची उतरलेली कावीळ

"मॅडम, कावीळ तं उतरली. मंग अजून काय तपासून राह्यले?" गुरुजी माझ्या लॅबच्या दारात उभे होते. टेंभुर्णीकडचे, शाळेत विज्ञान शिकवणारे.

मी जालन्यात पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे पेशी बघून आजार ओळखणारी. गुरुजींची पित्तनलिका एका जागी आवळली गेली होती. तोंडातून दुर्बीण घालून तिथे स्टेंट, म्हणजे बारीक नळी बसवली. तेव्हाच ब्रशने खरवडलेल्या पेशी माझ्याकडे आल्या. त्या संशयास्पद होत्या, पण कॅन्सर आहे असं ठामपणे म्हणावं इतक्या नव्हत्या. ब्रश ज्यात बुडवला होता ते उरलेलं पाणी मी जपून ठेवलं. त्यातल्या डीएनएमध्ये कॅन्सरचे बदल शोधणारी मॉलिक्युलर टेस्ट पुण्याला होते. गुरुजींचा होकार तेवढा हवा होता.

पण स्टेंटमुळे पित्त वाहतं झालं, डोळ्यांतला पिवळेपणा गेला आणि श्रेय मिळालं गावातल्या कावीळ उतरवणाऱ्याला.

"त्याच्याकडं गेल्तो. त्यानं माझे हात धुतले, पाणी पिवळंधम्मक!"

मोठे सर, म्हणजे आमच्या हॉस्पिटलचे मालक, म्हणाले, "पेशंट खूश आहे. निगेटिव्ह लिहा आणि सोडा."

"सर, रिपोर्टवर सही माझी आहे. नाही लिहिणार."

माझं डोकंच फिरलं होतं. रविवारी गुरुजींना गाडीत घातलं. "चला, मलाही उतरवून घ्यायचीय."

उतरवणाऱ्याने माझ्या हातांना कसलासा रस चोळला, वरून चुन्याचं पाणी ओतलं. पिवळंधम्मक! "लई जुनी कावीळ हाये, मॅडम," तो गंभीरपणे म्हणाला. मला जन्मात कावीळ झालेली नाही. आदल्याच दिवशीचा माझ्या रक्ताचा, कावीळ नसल्याचा रिपोर्ट मी गुरुजींच्या हातात ठेवला.

परतताना त्यांनी तो रिपोर्ट पुन्हा वाचला. मग म्हणाले, "मी पोरांना काय शिकवून राह्यलो? पाठवा ते पाणी. जल्दी पाठवा."

दोन जनुकांमध्ये कॅन्सरकडे बोट दाखवणारे बदल निघाले. नुसत्या त्यावर ऑपरेशन करत नाहीत. म्हणून पुन्हा दुर्बीण घालून तुकडा घेतला. कॅन्सरच होता, पण अजून नलिकेपुरता. मोठं ऑपरेशन झालं. गुरुजी आता शाळेत जातात. त्यांच्या प्रत्येक तपासणीचा रिपोर्ट मात्र मी आधी उघडते.

मोठे सर अजून चिडवतात, "तो उतरवणारा सांगत फिरतो, डॉक्टर मॅडमचीही कावीळ मीच उतरवली!"

सांगू द्या. पिवळेपणा गेला म्हणजे आजार गेला असं नसतं. आणि पेशी संशयास्पद असताना मी निगेटिव्ह लिहीत नसते, मालक कोणीही असो.